वरच राहिलेली नववी वाटी

या सदरात लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कुणी मला आधी सांगितलं असतं, तर मी त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. मी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी. घरात कुणाच्या अंगात आलं की मी आधी थर्मामीटर शोधणारी. माझ्या एका आत्याला स्वप्नात लोक दिसायचे आणि मग त्यांची पत्रं यायची — मी तिला भर लग्नात विचारलं होतं, की ज्यांची पत्रं आली नाहीत त्यांची स्वप्नं मोजलीस का? आत्या माझ्याशी वर्षभर बोलली नाही. तर असा माझा स्वभाव. तो अजूनही बदललेला नाही. फक्त एका गोष्टीपुरती मी गप्प बसते.

ही गोष्ट १९९७ सालच्या ऑक्टोबरातली आहे. सतीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बंगळूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात आम्ही पुण्याहून उठून जे. पी. नगरात आलो. तेव्हा तिकडे दोन घरं, मग एक मोकळा प्लॉट, मग पुन्हा घर अशी वस्ती होती. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली घरमालक — नागेशराव, त्यांची बायको शोभा आणि आई. आईंना सगळे अक्का म्हणत, त्यांचा मुलगासुद्धा. घराणं मराठी, पण तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं. पहिल्या दिवशी मला वाटलं अक्का कन्नड बोलतायत, पाच मिनिटांनी लक्षात आलं की हे मराठी आहे. त्यांनाही माझ्याबद्दल तसंच काहीतरी वाटलं असावं, कारण त्या शोभाला म्हणाल्या, "पुण्याची बाई फार जोरात पळवती गे भाषेला."

अक्का सत्तरीच्या, बारीक, ताठ. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. उजेड आहे की नाही एवढंच कळायचं. पण घरात त्या इतक्या सहज वावरायच्या, की मला पहिला आठवडाभर पत्ताच नव्हता.

माझी मुलगी मुक्ता तेव्हा पाच वर्षांची. ती शाळेत, सतीश ऑफिसात आणि मी घरात भिंतींकडे बघत. मग मी एका सरकारी केंद्रात पाच दिवसांचं अळंबी लागवडीचं ट्रेनिंग केलं. त्या काळी हे फॅड होतं. भाताचा पेंढा कापायचा, रात्रभर भिजवायचा, गरम पाण्यातून काढून निथळायचा, पॉलिथिनच्या पिशवीत पेंढ्याचा थर, बियाण्याचा थर असं भरून पिशवी टांगायची. वीसेक दिवसांत आतला पेंढा पांढराशुभ्र होतो. मग पिशवी कापायची, पाणी शिंपडत राहायचं आणि चार दिवसांत पंख्यासारखे घोस बाहेर येतात. ही धिंगरी. आमच्या दुसऱ्या बाथरूममध्ये अशा सहा पिशव्या लटकत होत्या आणि पाहुणे आले की सतीशला त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागायचं.

धिंगरी पिकवणाऱ्या माणसाला एक रोग लागतो. त्याला एकच अळंबी नीट माहीत असते, पण वाटतं की आपल्याला अळंबी कळते. मला तो रोग चांगलाच लागला होता. मोठ्या तोऱ्यात मी पहिला घोस अक्कांना नेऊन दिला. त्यांनी तो हातात घेतला, हुंगला आणि हसल्या.

"चांगलं हाय. पण याला लाकूड माहीत नाही. हे हॉस्पिटलात जन्मलंय."

मग त्या मला बाजूच्या प्लॉटवर घेऊन गेल्या. तो प्लॉटही त्यांचाच. भोवती भिंत, पत्र्याचं गेट. घर बांधताना तोडलेल्या दोन झाडांचे ओंडके तिथे शेजारी शेजारी पडून होते, एक आंब्याचा, एक फणसाचा. वर्षानुवर्षं पावसात राहून दोन्हींच्या साली गेलेल्या, दोन्ही काळे पडलेले, शेवाळलेले. मला तर दोन्ही सारखेच दिसत होते. पावसाळा उतरणीला लागला होता, पण बंगळुरात तो असा पटकन जात नाही — संध्याकाळी तासभर कोसळायचा आणि सकाळी लख्ख ऊन.

अक्का आधी ओंडक्याजवळ नुसत्या बसल्या. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाल्या, "कुणाच्या घरी गेल्यावर लगेच स्वयंपाकघरात शिरतात काय? स्वल्प बसून घे." पाच मिनिटं बसलो. मग त्यांनी हात पुढे केला आणि लाकडावरून बोटं फिरवायला लागल्या आणि त्या बोटांखाली, मला तोपर्यंत न दिसलेल्या गोष्टी एकेक करून दिसायला लागल्या. तपकिरी, मऊ, कानाच्या पाळीसारखं काहीतरी. एका फटीत टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या टोप्यांची रांग. खालच्या अंगाला केशरी थेंब, जेलीसारखे. आणि आंब्याच्या ओंडक्याच्या पोटाला, सावलीत, करड्या रंगाचा तळहाताएवढा पंखा, त्यावर पंखा, त्यावर पंखा. इतकं सुंदर काही मी ट्रेनिंगच्या स्लाइड्समध्येही पाहिलं नव्हतं. कुजणाऱ्या लाकडाकडे मी आयुष्यात कधी अशा नजरेने पाहिलंच नव्हतं, आणि मला ते दाखवत होती एक अंध बाई.

"अणब्याचं नाव मागनं विचार," त्या म्हणाल्या. कन्नडमध्ये अळंबीला अणबे म्हणतात. "आधी लाकडाचं विचार. आंब्यावरचं हे खायचं. असंच दिसणारं दुसऱ्या लाकडावर आलं, तर हात जोडायचे आणि घरी यायचं."

दर घोसातली सगळ्यात मोठी अळंबी त्या तशीच ठेवायच्या. बाकीच्या चाकूने नाही, पिरगळून काढायच्या. घरी येऊन ओलं खोबरं, धणे, मिरी वाटून त्याचं सारू केलं आणि नाचणीच्या उंड्याबरोबर आम्हाला वाढलं. मी तीन वेळा मागून घेतलं. माझी धिंगरी त्यापुढे कागद होती, हे मला मान्य करावं लागलं.

असं महिनाभर चाललं. मी रोज सकाळी त्यांच्याबरोबर जायची. अक्का बोलायच्या कमी, पण त्या ओंडक्यापाशी त्यांचा चेहरा उजळायचा. एकदा म्हणाल्या, "डोळे गेले तेव्हा सुनेनं सुरी काढून घेतली, विळी काढून घेतली, गॅस बंद केला. बरोबर हाय तिचं. पण एवढं एक अजून माझं हाय."

नवरात्राच्या सुमारास कुठल्याशा पेपरात रानातली अळंबी खाऊन एक घर आजारी पडल्याची बातमी आली. शोभाने ती नागेशरावांना दाखवली. नागेशराव वाईट माणूस अजिबात नाही, हे मी मुद्दाम लिहिते. ऑफिसात जाणारा, आईच्या गोळ्या वेळेवर देणारा, घाबरट माणूस. त्यांनी गेटला कुलूप लावलं. तेव्हापासून अक्कांनी जेवण अर्ध्यावर आणलं, दिवसचे दिवस खुर्चीत बसून राहायला लागल्या. दोन आठवड्यांनी मला राहवलं नाही आणि मी नागेशरावांशी भांडायला खाली गेले.

ते म्हणाले, "ताई, तुम्ही सायन्सवाल्या. तुम्हीच सांगा, डोळे गेलेल्या माणसाने विषारी काय, बिनविषारी काय, कसं ओळखायचं?"

"त्यांना येतं. मी बघितलंय."

"मग परीक्षा घ्या. नीट, तुमच्या लॅबमध्ये घेतात तशी. सगळं बरोबर आलं तर किल्ली अक्काच्या हातात देतो. एक जरी चुकलं, तर हा विषय बंद. पुन्हा कुणी काढायचा नाही."

अक्का आत बसून ऐकत होत्या. तिथूनच त्यांनी होकार दिला, "सरी."

म्हणजे एका अंध बाईचं उरलंसुरलं सगळं माझ्या हातात आलं. मला त्या जिंकायला हव्या होत्या. पण बेइमानी करायची नव्हती. नऊ वाट्या ठरवल्या. त्यात नववी मी मुद्दाम सोपी ठेवली — माझ्या पिशवीतली धिंगरी. ती त्यांनी कितीदा हाताळलेली. शेवट गोड व्हावा म्हणून.

रविवारी पहाटे नागेशरावांकडून किल्ली घेऊन मी एकटीच प्लॉटवर गेले. तीन आठवडे तिथे कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. सहा प्रकार गोळा केले, प्रत्येकाच्या पुड्या बांधल्या. निघताना फणसाच्या ओंडक्यावर, मुळाच्या टोकाला, जिथे मुंग्यांनी घर केलं होतं तिथे एक पांढरा घोस दिसला. हुबेहूब धिंगरी. तो परीक्षेसाठी नव्हताच, कारण मलाच तो काय आहे हे ठाऊक नव्हतं. पिशवीतल्या धिंगरीशी सावकाश ताडून बघू म्हणून उचलला. घरी येऊन सगळं ओट्यावर मांडलं आणि तेवढ्यात पुण्याहून सासूबाईंचा फोन. रविवारी सकाळी एसटीडीचा दर कमी, त्यामुळे गप्पा लांबल्या. परत येऊन वाट्या भरल्या, खाली नंबर चिकटवले, वर झाकण्या ठेवल्या. आठव्या वाटीत बंगळूरच्या शिवाजीनगर बाजारातून आणलेलं दुकानातलं बटन मशरूम. नवव्या वाटीत धिंगरीचे तीन तुकडे, घोसातली उरलेली डब्यात घालून फ्रिजमध्ये, संध्याकाळच्या भाजीला. वहीत प्रत्येक नंबरापुढे लिहिलं: काय, कुठलं, खायचं की नाही. ही वही मी कुणालाच, सतीशलाही दाखवली नव्हती.

दहा वाजता खालच्या हॉलमध्ये सगळे जमलो. अक्का खुर्चीत, पुढे टीपॉय, नागेशराव आणि शोभा सोफ्यावर, सतीश दाराशी, मुक्ता जमिनीवर. मी ट्रे ठेवला. अक्कांनी पदराला हात पुसले.

पहिली वाटी. झाकण काढलं, बोट लावलं. "आंबा. कानाचं. खायचं. परवा आलं."

दुसरी. "फणस. वरच्या अंगाचं. हे लाकूडच झालंय, याला शिजवून काय करणार?"

तिसरी हातात घेतली, हुंगली, थांबल्या. चौथी उघडून तिच्यात बोट घातलं. "ही दोन एकाच घोसातली. मला फसवतीस?" मी खरंच त्यांना फसवायला एकच घोस दोन वाट्यांत घातला होता. सतीश दाराशी हसला. नागेशरावांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली.

पाच, सहा, सात. सगळी बरोबर. लाकूड बरोबर, बाजू बरोबर. सातव्या वाटीतल्या टाचणीएवढ्या टोप्या त्यांनी नुसत्या श्वासाने ओळखल्या, बोट लावलं तर मोडतील म्हणून. आठवी उघडल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. "याला लाकूड नाही, काही नाही. खतातलं. हे दुकानाचं." मुक्ताने टाळ्या वाजवल्या. मला माझ्याच परीक्षेला बसल्यासारखं धडधडत होतं आणि अभिमानाने डोळे भरून आले होते. अशी विद्या मी कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिली नव्हती.

मी वही उघडली, नागेशरावांना सांगायला, की झालं, सगळं बरोबर. आणि लक्षात आलं की वाट्या आठच आहेत. ट्रेमध्ये आठच मावल्या होत्या. नववी हातात घेऊन यायची म्हणून मी गॅसशेजारी ठेवली आणि तिथेच विसरले.

"एक वाटी वरच राहिली," मी म्हटलं. "आणते."

"नक्को आणू," अक्का म्हणाल्या.

त्यांचे हात अजून टीपॉयवरच होते. आठव्या वाटीच्या पुढे, जिथे काहीच नव्हतं, तिथे त्यांची बोटं लाकडी फळीवर हळूहळू फिरत होती.

"ते फणसाचं हाय. मुळाच्या बाजूचं, मुंग्यांच्या जागचं. खायचं नाही ते. वरच राहू दे, मग टाकून दे."

मला आधी कळलंच नाही काय झालं ते. मग नागेशरावांनी विचारलं, "ताई, वर काय आहे?"

काय सांगणार होते मी? वही माझ्या हातात होती. "धिंगरी," मी म्हटलं. "माझ्या पिशवीतली. खायची."

अक्कांनी मान माझ्याकडे वळवली. "पिशवीतली म्हंतीस?"

"हो अक्का."

"तू स्वतः कापलीस?"

"हो. आज सकाळी."

त्यांनी बोटं उचलून मांडीवर ठेवली. "सरी. मग माझं चुकलं असेल."

नागेशरावांना आनंद झाला नव्हता. ते उठले, आईच्या खुर्चीमागे उभे राहिले, म्हणाले, "अक्का, आठ बरोबर आले, ते खरं. पण एक चुकलं. घरात लहान मूल आहे. आपलं ठरलं होतं." अक्कांनी मान हलवली. त्यांनी वाद घातला नाही, चव घेऊन बघते म्हणाल्या नाहीत, वरून ती वाटी तरी आणा असंही म्हणाल्या नाहीत. मी वाट्या गोळा करून निघाले, तेव्हा त्यांनी माझा पदर धरला.

"एक ऐक गे. मी चुकली तर चुकली. पण ते आज शिजवू नक्को. पोरीला देऊ नक्को."

खरं सांगते, वर येताना मला अक्कांचाच राग आला होता. सगळ्यात सोपी वाटी! ती न बघता, न हुंगता काहीतरी बोलून बसायची काय गरज होती? हातात घेतली असती तर दोन सेकंदांत ओळखली असती. सतीश म्हणाला, "बिचाऱ्या दमल्या असतील." मी दुपारभर धुमसत होते. आणि माझ्या स्वच्छ, पेंढ्यात वाढवलेल्या धिंगरीला फणसावरची म्हटलं, याचाही राग होता. संध्याकाळी मी मुद्दाम तीच भाजी करायला घेतली.

साडेपाच वाजले होते. बाहेर पाऊस सुरू झाला होता. लसूण ठेचला, कढईत तेल घातलं, डबा फ्रिजमधून काढला. मुक्ता ताट घेऊन टेबलावर बसलीसुद्धा होती, तिला धिंगरी फार आवडायची. डब्यातली थोडी कमी वाटली, म्हणून पिशवीतून अजून मूठभर काढायला मी बाथरूममध्ये गेले.

पिशवीवरचा घोस जसाच्या तसा होता. पूर्ण. एकही पंखा कापलेला नाही, कुठे सुरीची खूण नाही.

मी तिथेच उभी राहिले. इतर पाच पिशव्या बघितल्या. त्यांच्यावर अजून काही आलंच नव्हतं. मग सकाळी मी कापलं काय? मला तर पिशवीसमोर उभं राहून कापल्याचं स्पष्ट आठवत होतं. आणि प्लॉटवरून आणलेला तो पांढरा घोस कुठे गेला? तो ओट्यावर नव्हता, कचऱ्यात नव्हता. घरात घोस एकच होता आणि तो डब्यात होता.

स्वयंपाकघरात येऊन मी आधी गॅस बंद केला. मग डब्यातला घोस उलटा केला. माझ्या धिंगरीच्या बुडाला नेहमी पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या असतात. याच्या बुडाला लाकडाची ढलपी होती. हळदीसारखी पिवळी. फणसाचं लाकूड आतून पिवळं असतं, हे मला अक्कांनीच शिकवलं होतं. आणि त्या ढलपीला एक मेलेली मुंगी चिकटली होती.

"आई, भाजी?" मुक्ता म्हणाली.

मी तिला दूध-पोळी दिली. सकाळी फोनवर बोलून आल्यावर हात एक करत होते आणि डोकं दुसरं. ओट्यावरचा रानातला घोस मी धिंगरी म्हणून कापला, धिंगरी म्हणून वहीत लिहिला, आणि त्या वहीच्या जोरावर एका बाईला तिच्या मुलासमोर खोटं ठरवून आले.

तसाच डबा घेऊन खाली गेले. नागेशराव टीव्ही बघत होते, अक्का खुर्चीत. मी सगळ्यांसमोर सांगितलं — वही चुकीची आहे, चूक माझी आहे, नवव्या वाटीत फणसावरचंच होतं. नागेशरावांनी ढलपी हातात घेऊन बराच वेळ बघितली. मग उठून खुंटीवरची किल्ली काढली आणि आईच्या मुठीत ठेवून मूठ मिटली.

अक्कांनी पहिला प्रश्न किल्लीचा विचारला नाही, वाटीचाही नाही. म्हणाल्या, "पोरीनं खाल्लं नाही नं?"

"नाही अक्का."

"मग साकू. पुरे झालं. रडतीस कशाला?"

दुसऱ्या दिवशी तो घोस मी ट्रेनिंगच्या सरांकडे घेऊन गेले. त्यांनी भिंगाखाली बघितला, अजून दोन पुस्तकं काढली. म्हणाले, धिंगरी नाही. मोठ्या माणसाला दोन दिवस उलट्या, लहान मुलाचं सांगता येत नाही. कुणी खाल्लं का, असं त्यांनी तीनदा विचारलं.

आता तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून बघितलंय. वास आला असेल? वाटी वरच्या मजल्यावर, झाकलेली, आमचं दार बंद, आणि मधे अख्खा जिना. मला प्लॉटवर कुणी बघून त्यांना सांगितलं असेल? घोस उचलताना बघितलं असेलही, पण तो वाटीत गेला हे बघायला माझ्या स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ऑक्टोबरात फणसावर तिथेच ते येतं, हे त्यांना अनुभवाने माहीत असेल? असेल. पण ते वाटीत आहे हे कसं कळलं? मग राहतं ते मनातलं ओळखणं, ज्याची मी आयुष्यभर चेष्टा केली. आणि तेही इथे चालत नाही. कारण माझ्या मनात तर धिंगरी होती. माझं मन वाचून त्यांना चुकीचंच उत्तर मिळालं असतं. जी गोष्ट त्या घडीला जगात कुणालाच माहीत नव्हती, ती अक्कांना माहीत होती.

मी त्यांना विचारलं. एकदा नाही, पुढची तीन वर्षं आम्ही तिथे होतो तेवढ्यात दहा वेळा विचारलं असेल. त्या दर वेळी एकच सांगायच्या, अगदी साध्या आवाजात, जसं काही मीच उगाच वाढवतेय. "आठ वाट्या झाल्या, पण बोटं थांबली नाहीत गे. पुढं गेली. पुढं लाकूड लागलं, पिवळं. मुंगी चावली. एवढंच." आणि उजव्या हाताची तर्जनी पुढे करायच्या.

अक्का आता नाहीत. किल्ली शेवटपर्यंत त्यांच्या कमरेला होती आणि नागेशरावांनी तो प्लॉट त्या असेपर्यंत विकला नाही. मी पुण्याला परतले. लोक मला अजून सायन्सवाली म्हणतात आणि मी तशीच आहे. बोटं खोलीबाहेर कशी जातात, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणी दिलं तर मी ऐकेन, वाद घालेन, पटलं तर मान्यही करेन.

पण खरं सांगू का, मला त्याहून जास्त दुसरीच गोष्ट आठवते आणि तिचा तर विचार करूनही थांग लागत नाही. स्वतःचं उरलेलं एवढंसं जग त्या बाईने आत्ताच, माझ्या एका शब्दाने, गमावलं होतं. आपण बरोबर आहोत हे तिला माहीत होतं. तरी ती आपल्या बाजूने एक अक्षर बोलली नाही. तिने माझा पदर धरला, तो माझ्या पोरीने काय खावं एवढंच सांगायला. आणि मी ते न ऐकता तेल तापवलं होतं.